नामाविना नाद

नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी संगीत रामनामाशी जोडले; परंतु त्यांचे पुत्र पं. द. वि. पलुसकर यांना व्हायोलिनची साथ करणारे पं. दा. के. दातार स्वतंत्र मैफलीत गायकी अंगाने, म्हणजे कंठसंगीताच्या वळणाने वाजवत, तेव्हा नाम उच्चारले जात नसे. मग भक्ती तेथे कशात राहते? तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने नाद दोन प्रकारचा मानला: आघातातून उपजणारा, ऐकू येणारा आहत आणि आघाताविना असणारा, मुनींच्या उपासनेचा अनाहत. त्यांपैकी आहत नाद लोकांचे रंजनही करतो आणि भवबंधही तोडतो, असे तो सांगतो. रंजन आणि मुक्ती यांच्यात वैर न मानणारी ही भूमिका फार मोलाची आहे. व्हायोलिनला पडदे नसल्याने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, त्यावर सहज साधते आणि शब्दांचा आधार सुटलेल्या श्रोत्याला स्वराकडेच वळावे लागते. अद्वैती म्हणेल की तेथे ऐकणारा आणि ऐकलेले यांतला भेद मावळतो. भक्ताला मात्र तो भेद हवाच असतो, कारण आळवणारा उरलाच नाही तर भजन कोणाचे? गायकी अंगाचे वादन या दुसऱ्या मताच्या अधिक जवळचे आहे, कारण गायकाच्या श्वासाचे थांबे त्यात जपलेले असतात, म्हणजे आळवणारा तेथे उरतो.