कुसळ आणि मुसळ

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. मध्यंतरी बाई आणि त्यांचे यजमान एका सहल कंपनीबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आले. फोटो दाखवायला त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं, पण पेंग्विनपेक्षा जास्त वेळ त्या बोलल्या त्या आपल्या जॅकेटबद्दल. जहाज किनाऱ्याला लागण्याआधी सगळ्या प्रवाशांना एका दालनात बसवलं होतं. प्रत्येकाने आपलं जॅकेट, पँट, पाठीवरची पिशवी पुढ्यात घ्यायची, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने खिसे साफ करायचे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या चिमट्याने विंचरायच्या. बाईंच्या बाहीवरच्या पट्टीत गवताचं एक कुसळ निघालं. बाईंचं लहानपण जुन्नरकडच्या माळावर गेलेलं. परकराला चिकटलेली कुसळं वेचत उंबऱ्यावर बसणं हा तेव्हा रोजचा उद्योग होता. “पन्नास वर्षांनी पुन्हा तशीच बसले,” बाई म्हणाल्या, “पण या वेळी जहाजावरच्या मुलीने ते कुसळ चिमट्यात धरून असं पाहिलं, की जसा काही विंचूच सापडलाय.”

मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि तुम्हाला सांगते, बोटीवरच्या सगळ्या दिवसांत दुसरं जहाज दिसलं नाही. एकही नाही. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.”

ते सापडलेलं कुसळ आणि ते न दिसलेलं जहाज, या दोन गोष्टी तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. पर्यटनाने जगाची नासाडी होऊ नये म्हणून देशांनी एकत्र येऊन काय साधलं आणि काय साधलं नाही, याचा सगळा हिशेब मला त्या दोन गोष्टींत दिसतो.

आधी कुसळाचं. २००७-०८च्या हंगामात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट आणि सामान तपासलं, तेव्हा माणशी सरासरी साडेनऊ बिया सापडल्या. लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे, पर्यटकांपेक्षा माणशी जास्त बिया शास्त्रज्ञांच्याच कपड्यांत होत्या. निसर्गाच्या काळजीपोटी जाणारा माणूससुद्धा खिशातून काय नेतो, हे त्याला ठाऊक नसतं. ही भीती पुस्तकी नाही. किंग जॉर्ज बेटावर पोलंडचं आर्कटोव्स्की नावाचं संशोधन केंद्र आहे. जगभर रस्त्याकडेला आणि हिरवळींवर उगवणारं एक साधं गवत १९८०च्या दशकात तिथे रुजलं, आणि ते उपटून काढायला पुढे शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं घालवावी लागली. जिथे फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या मूळच्या दोनच जाती आहेत, तिथे एक तिसरी, परकी जात म्हणजे घरात शिरलेलं सैन्यच.

म्हणून तिथे जाताना गमबूट जंतुनाशकात बुडवायचे, किनाऱ्यावरून परतताना ब्रशने घासून पुन्हा बुडवायचे. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, आणि तोच चालत जवळ आला तर आपण मागे सरायचं. त्यांच्या रोजच्या येण्याजाण्याने बर्फात वाटा पडलेल्या असतात, त्या ओलांडताना थांबून आधी त्यांना जाऊ द्यायचं. बर्ड फ्लूची साथ दक्षिणेकडे सरकू लागली, तेव्हा आणखी एक नियम आला: जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. बाईंचे यजमान गुडघ्यांनी बेजार. तासभर टेकायला जागा नाही म्हणून ते तीनदा होडीतच बसून राहिले. त्यांनी तक्रार केली नाही. ज्याच्या घरी गेलो त्याची रीत पाळायची, म्हणाले.

पण हे घर कोणाचं? अंटार्क्टिकाच्या तुकड्यांवर सात देश हक्क सांगतात. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला आणि ते सगळे दावे जणू बर्फातच ठेवून दिले. कोणी नवा दावा करायचा नाही, जुना सोडायची सक्ती नाही, लष्करी तळ उभारायचे नाहीत, विज्ञान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका कागदावर सही करतात, ही घटना मला आजही थक्क करते. आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, एकवीस जणांची. १९८३मध्ये भारत करारात सामील झाला आणि त्याच वर्षी निर्णयात मत असलेल्या देशांच्या पंगतीत बसला. आपल्या ध्रुवीय संशोधनाचं मुख्य ठाणं आजही वास्कोला आहे. त्यामुळे तिथे काय ठरतं हा काही परक्यांचा प्रश्न नाही.

मूळ करारात पर्यटनाचा उल्लेखही नाही. लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन उद्योजकाने १९६६मध्ये सहली सुरू केल्या, आणि देशांना हा विषय बैठकीत घ्यावाच लागला. खरी शिस्त आली ती मात्र दुसऱ्या बाजूने. १९९१मध्ये सात सहल कंपन्यांनी मिळून आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिला आयाटो म्हणतात. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे हे लोक एकत्र बसले, कारण प्रत्येकाला एक गोष्ट पक्की कळली होती. ते जे विकतात तो माल म्हणजे एकांत आहे. समोर दुसरं जहाज दिसलं की माल नासला. मग त्यांनी सामायिक वेळापत्रक बनवलं. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कोणत्या खाडीत कोणाचं जहाज, हे हंगामाआधीच ठरतं. एका वेळी किनाऱ्यावर शंभराच्या वर पर्यटक नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचं नाही.

बाईंना दुसरं जहाज का दिसलं नाही, ते इथे कळतं. जहाजं होती. पुढच्या वळणापलीकडे होती.

या व्यवस्थेचं मला मनापासून कौतुक आहे. तिने जीवही वाचवले आहेत. २३ नोव्हेंबर २००७ला ‘एक्स्प्लोरर’ हे जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून बुडालं. लिंडब्लाडसाठीच बांधलेलं, या पर्यटनाच्या सुरुवातीच्या काळातलं जहाज ते. १५४ माणसं उघड्या होड्यांत काही तास गारठत बसली होती, आणि सगळीच्या सगळी वाचली. त्यांना उचललं ते दुसऱ्या एका पर्यटक जहाजाने. कोण कुठे आहे हे एकमेकांना माहीत असणं म्हणजे काय, ते त्या सकाळी दिसलं. तिथल्या पोर्ट लॉक्रॉय बंदरातल्या चिमुकल्या गूडियर बेटावर तर अर्धं बेट पर्यटकांना खुलं आणि अर्धं बंद, असा बेत वर्षानुवर्षं पाळला गेला, म्हणजे माणसांच्या वावराने पेंग्विनच्या पिलांवर काय परिणाम होतो ते ताडून पाहता यावं. आपल्याकडच्या किती देवस्थानांनी, किती धबधब्यांनी असा अर्धा भाग राखून ठेवला आहे?

आता मुसळाचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हंगामाला सात हजारांच्या आत पर्यटक जात. २०२३-२४च्या हंगामात गेले १ लाख २२ हजार. त्यातले साधारण दोन तृतीयांश प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरले, तेही बहुतेक एकाच द्वीपकल्पाच्या मोजक्या जागी, उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत, म्हणजे नेमकं पेंग्विनच्या विणीच्या काळात. आणि जहाजाच्या धुराड्याला चिमटा लावता येत नाही. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने बर्फावर साचणारी काजळी मोजली. काजळीने बर्फ काळवंडतो, ऊन शोषतो, लवकर वितळतो. त्या हिशेबाने एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ जास्तीचा वितळतो. बाईंच्या बाहीवरचं कुसळ वजन करायलाही सापडणार नाही, आणि दुसऱ्या पारड्यात हे ८३ टन.

कसं जावं हे ठरवण्यात जग यशस्वी झालं. किती जणांनी जावं, हे ठरवायला मात्र कोणी धजत नाही. सामायिक वेळापत्रकाला गर्दी पांगवता येते, कमी करता येत नाही. उलट पांगवलेली गर्दी जाणवत नाही, म्हणून ती वाढतच राहते.

का धजत नाही? करारात मत असलेले देश आहेत २९, आणि निर्णय एकमताने. एकाने मान हलवली नाही की विषय पुढच्या वर्षी. पाचशे प्रवाशांचा आणि शंभर माणसांचा तो नियम देशांनी २००९मध्ये बैठकीत संमत केला खरा, पण प्रत्येक देशाने आपल्या घरी शिक्कामोर्तब करेपर्यंत त्याला कायद्याचं बळ येत नाही, आणि त्यासाठी तो वर्षानुवर्षं ताटकळत राहिला. पाळला जातो तो कंपन्यांनी स्वतःवर घालून घेतला म्हणून. शिवाय कित्येक जहाजांवर झेंडा असतो तो बहामाजसारख्या, करारात नसलेल्या देशांचा. याउलट, उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर एकट्या नॉर्वेची सत्ता आहे. नॉर्वेने ठरवलं, आणि १ जानेवारी २०२५पासून तिथल्या संरक्षित भागात एका जहाजावर दोनशेच्या वर प्रवासी नकोत, उतरायचं ते ठरलेल्या ४३ जागीच, हे लागू झालं. एक मालक असला की असं होतं. पण म्हणून अंटार्क्टिकाला मालक हवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. मालकी नसणं हीच त्या खंडाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मालक नसतानाही मर्यादा घालता येते, हे आपल्याला घरचं उदाहरण आहे. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठची फड बागायत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला की गाव बसून ठरवी, यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा. कोरड्या फडात बहुतेकांचा तुकडा असल्यामुळे झळ जवळपास सगळ्यांना लागे आणि म्हणून भांडण कमी होई. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी अंटार्क्टिकात नाहीत. तिथे माल विकणाराच पाटकरी आहे. आणि कोरड्या वर्षाचा हिशेब मांडायला कोणी बसलेलंच नाही.

यावर मला ऐकू येणारा आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याही मनातला आहे. इतकी वर्षं अमेरिकेतले, युरोपातले लोक हवे तेव्हा गेले. आता कुठे आपल्याकडची, शाळेत नोकरी करून पैसे साठवणारी माणसं जाऊ लागली, आणि नेमकं आत्ताच दार लावायचं? नाही, असं दार लावता कामा नये. रवांडाने गोरिला पाहायचा परवाना १५०० डॉलर केला. माणसं मर्यादेत राहिली, पण ती फक्त श्रीमंत राहिली. किंमत वाढवणं हे सोपं आणि अन्यायाचं उत्तर आहे. मला वाटतं सोडत काढावी. हंगामाला एक आकडा ठरवावा, तो शास्त्रज्ञांनी ठरवावा, देशादेशांना वाटे द्यावेत आणि नावं चिठ्ठ्या टाकून निघावीत. ज्याचं नाव यंदा निघालं नाही त्याने पुढच्या वर्षी पुन्हा टाकावं. करारातल्या देशांना एकमेकांची केंद्रं आणि जहाजं तपासायचा हक्क पहिल्यापासून आहे. मग कोणाची माणसं किती उतरली हे मोजायलाच तेवढी अडचण का यावी?

मे २०२४मध्ये करारातल्या देशांची वार्षिक बैठक कोचीला झाली. पर्यटनाच्या नियमनाची सर्वसमावेशक चौकट आखण्यासाठी स्वतंत्र कार्यगट पहिल्यांदा बसला तो तिथे, भारताच्या यजमानपदाखाली. चौकट अजून आखली जायची आहे. तिच्यात आकडा असेल की नुसती आणखी थोडी शिस्त, हे आता ठरेल.

परवा बाईंकडे पुन्हा गेलो होतो. त्यांच्या भिशीतल्या आठ जणी आल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या सगळ्या निघाल्यात. बाईंनी कपाटातून ते जॅकेट काढलं, बाहीची पट्टी उलगडून दाखवली आणि म्हणाल्या, “चिमटा इथूनच न्या गं, आणि घरीच साफ करून निघा. तिथे रांग लागते.”