विधवेची दोन नाणी आणि आम्ही धर्मगुरू



दानाचा विषय निघाला की आम्ही धर्मगुरू तुम्हाला गरीब विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट सांगतो (मार्क १२:४१-४४). तिच्या आधीची तीन वचने मात्र आम्ही घाईने वाचून जातो. तिथे प्रभू येशू लांब झगे घालून मिरवणाऱ्या, मानाच्या जागा शोधणाऱ्या आणि विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. म्हणजे दान टाकणाऱ्याच्या आधी प्रभू धर्मपुढाऱ्यांकडे पाहतो.

धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, हे खरे. वडिलोपार्जित शेत त्यांच्या नावावर असू शकते. तरीही १९८३ च्या कॅनन लॉचे कलम २८२ त्यांना साधी राहणी जोपासायला सांगते. चर्चच्या सेवेतून जे मिळते, त्यातून निर्वाह होऊन उरलेले चर्चच्या हितासाठी व परोपकारासाठी वापरावे, असेही सांगते. दिवसात कितीही मिस्सा केल्या, तरी नाताळ सोडून एकाच मिस्साचे दान स्वतःकडे ठेवता येते (कलम ९५१).

पैसा म्हणजे पाप नव्हे. कामकऱ्याला निर्वाहाचा हक्क आहे, असे संत पौलच म्हणतो. पण करिंथ येथे त्याने स्वतः तंबू शिवले. आपल्या किनवट भागात कापूस-सोयाबीन पावसाच्या भरवशावर. उसनवारी करून पेरणी केलेल्या माणसाच्या दारात आम्ही महागड्या गाडीतून उतरून "देव पुरवील" म्हणालो, तर वचन खरे असूनही त्याला ते आमच्या तोंडी शोभणार नाही. शिवाय श्रीमंत उंबऱ्यावर गरीब आपली अडचण बोलत नाही, तसाच परत जातो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. १९१९ साली ते वारले. त्यांच्या उदारपणाची झळ घराला किती लागे, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त दिसते. टिळकांना संसार होता, आम्हाला नाही. आमच्या आजारपणाची, म्हातारपणाची सोय व्हावी, असे कलम २८१ सांगते. मग आम्ही साठवण्याचे कारण काय सांगावे?

एक गोष्ट मात्र विसरू नये. चर्चच्या पैशातून आम्ही कुणाला मदत केली, तर ते आमचे औदार्य नव्हे. ते तुमचेच दान योग्य जागी पोचवणे आहे. त्याचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे (कलम १२८७). आमचे दान तेवढेच, जे आमच्या स्वतःच्या ताटातून गेले.

म्हणून हिशेब विचारायला संकोचू नका. आमची राहणी वाट चुकताना दिसली, तर पाठीमागे न बोलता समोर येऊन सांगा. आणि आमच्यासाठी प्रार्थना करा, म्हणजे त्या विधवेची गोष्ट सांगताना आमची मान खाली जाणार नाही.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू