ऋण काढून सण नको

॥ ॐ नमः शिवाय ॥



महाशिवरात्रीच्या पर्वकाळी सावली परिसरातील असंख्य कुटुंबे मार्कंडा देवस्थानाची वाट धरतात. दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा मार्कंड्याजवळ उत्तरवाहिनी होते, म्हणून तेथील स्नानाचे महत्त्व विशेष मानले आहे. कोणी एस.टी.ने येतो, कोणी ट्रॅक्टरने, तर कोणी पायी चालत येतो. सोबत घरून बांधून आणलेली शिदोरी असते. नदीत स्नान करावे, महादेवाला पाणी आणि बेल वाहावा, उपवासाचे दोन घास वाळूत बसून सर्वांनी वाटून घ्यावेत, लेकराला एखादे खेळणे आणि सुनेला डझनभर बांगड्या घ्याव्यात, की यात्रा सफल झाली. सायंकाळी परतणाऱ्या त्या कुटुंबाच्या मुखावरील समाधान पाहावे. या समाधानासाठी किती रुपये लागले, असा प्रश्न त्यांना कोणीही विचारीत नाही.

परंतु हेच कुटुंब घरी लग्नकार्य काढते, बारसे करते किंवा दिवाळी साजरी करते, तेव्हा त्याचे मन निराळ्याच चिंतेने ग्रासलेले असते. मांडव केवढा घालावा? पंगतीत किती पदार्थ असावेत? लोक काय म्हणतील? देवाच्या दारी जे मन अल्पात तृप्त होते, तेच मन स्वतःच्या दारी इतके व्याकूळ का व्हावे? या पवित्र दिवशी आपण याच प्रश्नाचे चिंतन करू या.

व्याधाची कथा

महाशिवरात्रीची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ती आहे आणि श्रीधर कवींनी १७१८ साली पूर्ण केलेल्या शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायामुळे ती मराठी घराघरांत पोहोचली. एक व्याध होता. घरची माणसे उपाशी होती, म्हणून तो शिकारीस निघाला. काही व्रतकथांमध्ये तर असे सांगतात, की तो सावकाराचा ऋणको होता आणि त्या ऋणापायी त्याला बंदिवासही घडला होता. दिवसभर त्याला काही मिळाले नाही. रात्री तो जलाशयाच्या काठी असलेल्या बिल्ववृक्षावर दबा धरून बसला. वृक्षाखाली शिवलिंग होते, हे त्याला ठाऊक नव्हते. हालचालीत बेलाची पाने गळत होती, जवळच्या पाण्याचे थेंब खाली सांडत होते, पोटात अन्न नव्हते आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता. अशा रीतीने त्या दरिद्री माणसाकडून नकळत उपवास, जागरण, अभिषेक आणि बिल्वार्चन घडले. त्याने एक पैसाही खर्च केला नव्हता, तरी पूजा सांग झाली.

एवढा भाग आपण सर्वजण सांगतो. पण कथेचा गाभा याच्या पुढे आहे.

पाणी पिण्यास एक हरिणी आली. व्याधाने धनुष्य ओढले. ती म्हणाली, माझी पाडसे घरी आहेत, त्यांना भेटून आणि सोपवून मी परत येते. व्याधाने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. मग दुसरी हरिणी आली, त्यानंतर हरिण आला. सर्वांनी तीच विनवणी केली आणि सर्व जण वचन देऊन गेले. घरी गेल्यावर कोणीही आपले संकट लपविले नाही. प्रत्येकाने दिलेले वचन सर्वांना सांगितले. तेव्हा प्रत्येक जण म्हणाला, तुम्ही थांबा, मी जातो. अखेर एकट्याला जाऊ देण्यास कोणीच तयार होईना. पाडसांसह ते सारे कुटुंब मिळून व्याधासमोर उभे राहिले. ते दृश्य पाहून व्याधाच्या हातातील धनुष्य गळाले आणि भगवान शंकर प्रसन्न झाले.

भाविक हो, वनातील त्या मुक्या कुटुंबाजवळ काय होते? धन नव्हते, घर नव्हते. दिलेला शब्द पाळण्याची निष्ठा आणि संकट वाटून घेण्याची रीत, एवढेच त्यांचे वैभव होते. गृहस्थाश्रमाचे खरे वैभव हेच आहे. ज्या घरात आनंद आणि चिंता या दोन्ही गोष्टी सर्वजण वाटून घेतात, त्या घरात थोड्या पैशांतही सण होतो. ज्या घरात चिंता एकट्याच्या माथी असते, त्या घरात लाख रुपये खर्चूनही सण होत नाही.

आपल्या परंपरेतील सोपे सण

आपल्या पूर्वजांना हे उत्तम कळले होते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पूजेचे जे साहित्य सांगितले, ते पान, फूल, फळ आणि पाणी या चार वस्तूंत संपते. सुदाम्याचे मूठभर पोहे द्वारकाधीशाने आवडीने खाल्ले. आपल्या विदर्भातील सणांची घडणही अशीच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पाहा. लाकडाचा एक लहानसा बैल घरात वर्षानुवर्षे टिकतो. आजोबांनी घडविलेला बैल नातू मिरवतो. शेजारीपाजारी बालकांना बोजारा देतात आणि एक-दोन रुपयांच्या नाण्यांनी मुलाची मूठ भरते. भुलाबाईचा उत्सव आठवा. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोबा म्हणजे शंकर. त्यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे, हे ओळखावयाचे असते. डब्यात मुरमुरे असोत वा गूळ-खोबरे, त्याने काही बिघडत नाही. सारी गंमत ओळखण्यात असते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्री नाटक किंवा दंडार होते आणि एकेका घरी दहा-वीस पाहुणे भाताच्या पंगतीला बसतात. घरचे तांदूळ, परसातील भाजी आणि रात्रभर रंगणाऱ्या गप्पा, एवढ्यावर पाहुणचार साजरा होतो.

सावली गावाला तर साधेपणाचा एक थोर वारसा लाभला आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले आणि महात्मा गांधी त्यासाठी सावलीस आले. खादीकार्याचे केंद्र म्हणून हे गाव त्या काळी ओळखले जात होते. आपल्या हाताने कातलेल्या सुताचे वस्त्र अंगावर घालण्यात कमीपणा नसून प्रतिष्ठा आहे, हा पाठ ज्या भूमीने गिरविला, त्या भूमीच्या लेकरांनी उसन्या थाटाला प्रतिष्ठा का मानावी?

ऋणाचा हिशेब

आपल्या भागात धान हेच मुख्य पीक आहे. धान विकले गेले की हाती पैसा येतो. त्यानंतर मोहफुले आणि उन्हाळ्यातील तेंदूपाने यांचा आधार असतो. पहाटे उठून, रानात हिंडून, पानांचे पुडे बांधून मिळविलेला हा पैसा घामाचा आहे. लग्नसराईही नेमकी त्याच सुमारास येते. वर्षभराचे धान्य, खते-बियाणे आणि मुलांच्या शाळेचा खर्च यांसाठी जे राखून ठेवावयाचे, ते मांडव, बॅण्ड, डीजे आणि आहेर यांत जाते. कमी पडले की ऋण काढले जाते.

प्रवचनात हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिशेब चुकला की धर्मही चुकतो, म्हणून तो मांडणे प्राप्त आहे. एखाद्याने लग्नासाठी १ लाख रुपये दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतले, तर महिन्याचे व्याज ३ हजार आणि वर्षाचे ३६ हजार रुपये होते. तीन वर्षांत १ लाख ८ हजार रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. पंगत एका दुपारी उठते. व्याज मात्र नवरीचे मूल चालू लागले तरी चालतच असते. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही.

याहूनही कठीण गोष्ट पुढे आहे. कर्ता पुरुष हे ओझे बहुधा कोणाला सांगत नाही. पत्नीला वाईट वाटेल, मुलीचा आनंद हिरावेल, म्हणून तो एकटाच ते मनात वागवितो. आपल्या विदर्भातील कितीतरी घरांनी अशाच मूक चिंतेपायी आपला आधार गमावला आहे. त्या घरांतील पत्नीला आणि लेकरांना कोणी विचारले असते, तर त्यांनी सांगितले असते, की आम्हांला मांडव नको होता, तुम्ही हवे होता. हरिणांच्या कुटुंबाची आठवण येथे ठेवावी. घरातील उणीव घरातील सर्वांना सांगणे यात लाज नाही. लाज वाटावी ती लपविण्याची. मुलांनाही समजेल अशा शब्दांत सांगावे, की यंदा आपल्याजवळ एवढेच आहे, यात आपण सण कसा करू या? मुलेच त्यावर सुंदर उपाय काढतात.

संतांचा आदर्श

संतांनी हा विचार आचरून दाखविला. श्री संत गाडगे महाराजांचा (१८७६ ते १९५६) प्रसंग सर्वश्रुत आहे. कन्येच्या बारशाला मद्य आणि मांसाची पंगत द्यावयाची, अशी त्यांच्या समाजातील त्या वेळची चाल होती. त्यांनी ती मोडली आणि जमलेल्यांना गोडाचे जेवण दिले. आप्तांची नाराजी त्यांनी पत्करली, पण बाळाच्या नावाने अनिष्ट रूढी पोसली नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनांतून ऋण, व्यसन आणि उधळपट्टी यांवर कठोर प्रहार केले. ज्यांचा चिमूर परिसराशी निकटचा संबंध होता, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९ ते १९६८) यांनीही ग्रामगीतेत विवाहाचा विचार विस्ताराने मांडला आणि साध्या, सामुदायिक विवाहांचा पुरस्कार केला.

दोन्ही संतांनी आनंदाला विरोध केला नाही, हे ध्यानी घ्यावे. काटकसर निराळी आणि कंजूषपणा निराळा. कंजूष मनुष्य दुसऱ्याच्या वाट्याचे राखतो. काटकसरी मनुष्य स्वतःचा थाट राखून ठेवतो आणि दुसऱ्याचा वाटा देतो. दारिद्र्यात सण टाळू नये. उलट कष्टाच्या जीवनाला सणाची अधिक गरज असते. तो सण आपल्या अंथरुणात मावेल असा असावा, एवढेच.

सधनांचे कर्तव्य

येथे ज्यांना ईश्वराने दोन पैसे अधिक दिले आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. आपण म्हणाल, आम्ही ऋण काढीत नाही, मग आम्ही थाट का करू नये? आपल्याला परवडते, हे खरे. परंतु गावातील थाटाचे माप आपण ठरविता. आपल्या घरच्या लग्नात सात पक्वान्ने झाली, की शेजारच्या शेतमजुराच्या मुलीला सासरी त्याच मापाने तोलले जाते. आपण पाच हजार माणसे जेवविली, तर तो पाचशे माणसांसाठी शेत गहाण ठेवतो. म्हणून सधन घरातील साधे लग्न हे गावातील गरिबांना दिलेले सर्वांत मोठे दान आहे. हुंडा घेणे व देणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण मागितला नाही तरी अपेक्षा ठेवणे, हे महादेवाच्या दरबारात मागण्यासारखेच आहे.

घरी नेण्याचा प्रसाद

यात्रेहून परतताना प्रसादासोबत काही संकल्पही घरी न्यावेत.

१. कार्य ठरण्यापूर्वी पती-पत्नींनी, वडीलधाऱ्यांनी आणि जाणत्या मुलांनी एकत्र बसून खर्चाची मर्यादा कागदावर लिहावी. ती ओलांडावयाची झाल्यास सर्वांच्या संमतीनेच ओलांडावी.

२. सणासाठी वर्षभर थोडे थोडे बाजूला ठेवावे. महिला बचत गट हे त्याचे उत्तम साधन आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. अशा दारी जाऊ नये.

३. सामूहिक अथवा नोंदणी विवाहात कमीपणा मानू नये. पात्र शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी महिला व बालविकास विभागामार्फत शुभमंगल योजनेचे अनुदान मिळते. त्याची चौकशी करावी.

४. आहेर-परत आहेराची देवघेव कमी करावी. पाहुण्याने वस्तूऐवजी हातभार द्यावा. आंबा-जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घालण्यास चार शेजारी येतात, तेव्हा मांडवाला जी शोभा येते, ती भाड्याच्या पडद्याला येत नाही.

५. मुलाच्या वाढदिवशी एक झाड लावावे, आजी-आजोबांच्या पाया पडावे आणि घरच्या खिरीची वाटी एका उपाशी मुखापर्यंत पोहोचवावी.

मृगाची साक्ष

लोकपरंपरा सांगते, की ते हरिणांचे कुटुंब मृग नक्षत्राच्या रूपाने आकाशात स्थिर झाले आणि त्याच्या मागे तेजस्वी व्याधाचा तारा आला. महाशिवरात्रीच्या रात्री जागरण करताना मान वर करून पाहावे. दोन्ही तेथे दिसतील. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर सूर्य याच मृग नक्षत्रात येतो आणि आपला शेतकरी धानाच्या पऱ्ह्यासाठी आकाशाकडे डोळे लावतो. त्या वेळी ज्याच्या माथी लग्नाचे ऋण नाही, बियाण्याचे पैसे ज्याच्या घरात शिल्लक आहेत आणि ज्याचे सारे कुटुंब त्याच्यासोबत बांधावर उभे आहे, त्याच्यासाठी पावसाचा पहिला थेंब हाच सर्वांत मोठा सण असतो.

भगवान मार्कंडेश्वर आपल्या सर्वांच्या घरी असा सण नित्य नांदवो, हीच प्रार्थना.

॥ हर हर महादेव ॥