ओठांपाशी मुनिया

बसा. पाठ टेकलीत तरी चालेल.

तळहातावर एक मास्क आहे, असं समजा. पैठणीचा. तळहात भरेल एवढाच.

2020 सालचा. लग्नाला पन्नासच माणसं, कोरोनाच्या त्या दिवसांतला. तेव्हा साडीला जुळणारा मास्क हवा असे. कुणी मास्कवर नथही लावली होती. हसू आलं तर येऊ द्या.

ओसरू द्या.

आता पाहा.

पदराचा तुकडा आहे. जरीच्या जमिनीवर एक मुनिया, इवलासा पक्षी. हिरवी, चोच लाल. शेजारची मुनिया शिवणीत गेली. तिचं नुसतं शेपूट दिसतं.

(पैठणीला कात्री लावणं मला रुचत नाही. पण ही घडीवर विरलेली होती.)

तळहात थोडा तिरका करा. जरीवरून उजेड सरकतो.

परत सरळ. उजेड परत येतो.

घाई नाही.

एक श्वास घ्या. सोडा.

मुनियेच्या चोचीवर थांबा. तांदळाच्या दाण्याएवढी लाली. इथे भरतकाम नाही. हा रंग विणतानाच आत आला आहे.

नाव पैठणचं, पण माग आज जास्त येवल्यात. विणकर उभे धागे मोजतो. मुनियेपुरते धागे उचलतो, त्यांतून हिरवी कांडी घालतो. चोचीपाशी हिरवी थांबते, लाल कांडी येते. तिचं काम दोन-चार धाग्यांचं. तेवढं झालं की शेजारच्या धाग्यात अडकून ती माघारी फिरते.

मग पुढची ओळ. पुन्हा मोजणं.

त्या मोजण्याजवळ बसा. काही करू नका. फक्त बसा.

श्वास घ्या. सोडा.

आता मास्क उलटा करा.

आत सुती अस्तर आहे. एका कडेला उसवलंय. बोटाने हलकेच बाजूला सारा.

पाहा.

तीच मुनिया. तीच हिरवी, तीच लाल. फक्त तोंड दुसरीकडे.

मागे लोंबता धागा नाही. हातमागाची पैठणी ओळखायची ती इथेच, उलट्या बाजूला. यंत्रावरच्या नक्षीचे सुटे धागे मागे दिसतात.

या मुनियेला कुणी पाहिलं नाही. लग्नभर ती अस्तराआड होती. ओठांपाशी.

तिच्याकडे पाहत राहा.

अजून थोडं.

मास्क तसाच उलटा धरून चेहऱ्याजवळ आणा. बांधू नका. वास येईल. पेटीचा, डांबरगोळीचा, आणि त्याखाली जुन्या रेशमाचा.

जरी ओठांना किंचित टोचते. अस्तर लावलं ते म्हणूनच.

श्वास सोडा. रेशीम दूर सरतं.

श्वास घ्या. रेशीम जवळ येतं.

सोडा. मुनिया दूर.

घ्या. मुनिया जवळ.

मोजायचं असेल तर मोजा. नसेल तर राहू द्या.

बाहेर रिक्षा गेली. जाऊ द्या.

कान आत वळवा. कापडामागे स्वतःचा श्वास जरा मोठा ऐकू येतो. त्या दिवसांत तो दिवसभर सोबत होता, आणि आपण तो ऐकत नव्हतो. आता ऐका.

सोडा.

घ्या.

मास्क परत तळहातावर ठेवा. रेशीम थोडं उबदार झालं असेल. ती ऊब जाईपर्यंत थांबा.

अस्तर परत शिवायचं की उसवलेलंच ठेवायचं, तुम्ही ठरवा. शिवणार असाल तर सुई बारीक घ्या. जुन्या रेशमात पडलेलं भोक तसंच राहतं.