फुकटचा शब्बाथ



गेल्या हिवाळ्यात भाचीकडे तीन आठवडे राहून आले. ती मूळची ठाण्याची; आता नवऱ्याच्या नोकरीमुळे शारजात, अल नहदा या वस्तीत राहते. ही वस्ती मोठी गमतीची. अर्धी दुबईत, अर्धी शारजात. मधून सरहद्द जाते, पण चौकी नाही की फाटक नाही. फरक असा की दुबईत दारू मिळते आणि शारजात तिला बंदी आहे. भाचीचे घर बंदीच्या अंगाला. म्हणून शुक्रवारी सकाळीच तिने काळ्या मनुका भिजत घातल्या, दुपारी कुस्करून फडक्यातून गाळल्या, आणि संध्याकाळी त्या शरबतावर किद्दूश झाला. कोकणात आपले वाडवडील हेच करीत. अश्दोदला मी दुकानातून बाटली आणते. मनुका कुस्करल्याला मला चाळीस वर्षे तरी झाली असतील.

शारजात २०२२ च्या जानेवारीपासून आठवड्याला तीन दिवस सुट्टी असते, शुक्रवार, शनवार आणि रविवार. मुसलमानांचा, आपला आणि ख्रिस्ती लोकांचा, तिन्ही दिवस बंद. भाची तिथे एका खाजगी शाळेत शिक्षिका आहे, तिलाही तीच सुट्टी. हे ऐकून मी सहज म्हटले, "मग तुझा शब्बाथ फुकटचाच की!"

बोलून गेले, पण तो शब्द माझ्याच मनात रुतून बसला. कुलाब्याच्या गावांतून आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत. शनवारी घाणा बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. त्यांना ना हिब्रू येत होते ना हातात सेफेर तोरा होता. शेमा तेवढा पाठ आणि शनवार तेवढा बंद. त्या बंद घाण्याने त्यांची ओळख राखली. आणि १९७३ साली अलिया केल्यापासून मी जो शब्बाथ पाळते, त्यासाठी काय मोजले? बसेस बंद, कचेऱ्या बंद. पाळला नाही तरच अडचण. फुकटचा शब्बाथ खरे तर माझाच.

माझ्या वडिलांची गोष्ट उलटी. मुंबईतल्या एका कचेरीत ते कारकून होते. शनवारी अर्धा दिवस काम, आणि ते चुकवले तर नोकरी जायची. आम्ही पाच भावंडे. शुक्रवारी रात्री किद्दूश करायचे आणि सकाळी डबा घेऊन गाडी पकडायचे. मशिदीत एकदा कोणी त्यांना टोचून बोलले. घरी येऊन ते जेवले नाहीत. लहानपणी मला वाटे, बाबा पाप करतात. आता मला तसे म्हणवत नाही. पण पाप नव्हते असेही छातीठोक सांगता येत नाही.

तर शनवारी सकाळी भाचीने गॅस पेटवून चहा ठेवला. मी म्हटले, "अगं, शब्बाथाला विस्तव?"

"मावशी, चहाशिवाय माझं डोकं उठत नाही," ती म्हणाली. (मला हे पटले नाही. चहा मात्र मी प्याले.)

तेवढ्यात फोन वाजला. कोणा मुलाची आई शनवारची शिकवणी मागत होती. तिथे आता शिक्षकांना सरकारी परवाना काढून शिकवणी घेता येते, आणि भाचीने तो काढलाही आहे. तिने गोडीने नाही सांगितले. मंगळवारी या म्हणाली. नंतर जावयांनी मला हळूच सांगितले की शनवारी चार मुले घेतली, तर घरभाड्याचा जवळजवळ निम्मा भार उतरेल. पण ती ऐकत नाही.

मला भरून आले. म्हटले, "बाई गं, मी उगाच बोलले. तू तर शनवार तेल्यांची खरी नात!"

ती हसायलाच लागली. "त्याग वगैरे काही नाही हं, मावशी. आठवडाभर मुलांच्या वह्या वाचते. शनवारी मला माझं वाचायचं असतं." असे म्हणून तिने ठाण्याहून आणलेले जुने दिवाळी अंक काढले, एक मला दिला, आणि दुपारपर्यंत घरात पाने उलटल्याचाच काय तो आवाज. जेवायला आदल्या रात्रीची नारळाच्या दुधातली सुरमई. मांस तिथे मुबलक, पण कोशेर कुठून आणायचे? सिनेगॉग अबू धाबीला झाले आहे, तेही शंभराहून अधिक किलोमीटर दूर.

मी किमतीचे माप लावत होते. भाचीने ते बाजूलाच सारले. यशाया नाबीने शब्बाथाला ओनेग म्हटले आहे, म्हणजे आनंद. किंमत मोजलेला दिवस मोठा की ज्यात जीव रमला तो? इतकी वर्षे मी पहिल्याच्या बाजूने होते. आता वडील आठवतात ते डब्यासकट नव्हे. दुपारी कचेरीतून येत, स्नान करीत, धुतलेला पांढरा सदरा घालीत आणि चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून तारे दिसेपर्यंत बसत. कोणी काम सांगितले तर हाताने नको म्हणत. त्यांचा शब्बाथ दुपारी दोनला सुरू होई, पण त्या तासांत त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, ते मला अश्दोदच्या माझ्या शेजाऱ्यांत क्वचित दिसते, आणि आरशात तर नाहीच.

भाचीला हे सांगितले. तिने अंक मिटला आणि विचारले, "आजोबा काय वाचायचे?" मला आठवेना.

मनुका किती आणि पाणी किती, ते मी कागदावर लिहून आणले आहे. अजून करून पाहिलेले नाही.