गाडी घरीच बंद पाड

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. ओंकार यास,


भाऊबीजेला अक्का आली होती. ओवाळून झाल्याबरोबर तिनं तुझाच विषय काढला. "पोरानं तिकडं जुनीपुराणी गाडी घेतलीय, वाटेत बंद पडते, तूच सांग त्याला विकून टाक म्हणून." मी नुसती मान हलवली. खरं सांगू? तू पाठवलेला फोटो बघून मला आनंदच झालाय. १९७९ ची शेवरोले सी-टेन पिकअप, ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन! बॉनेट उघडलं की दोन्ही हात कोपरापर्यंत आत जातील एवढी ऐसपैस जागा. हल्लीच्या गाड्यांत पाना फिरवायला बोटभर फट मिळत नाही. गाडी चांगली आहे, विकू नकोस. पण अक्काला मी असं म्हणालो हे कळवू नकोस.

काळजी मला दुसरीच लागलीय. गाडी पंधरावीस मैल बरी चालते, मग एकदम बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा पहिल्या सेल्फला सुरू होते, असं तू लिहिलंस. आणि आता मॉड्यूल, कॉइल, कॅप, रोटर, प्लग, वायरी असं सगळंच मागवणार म्हणतोस. थांब रे बाळा. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेल्या पोरागत ही गाडी आहे. थंड झाल्यावर मीटर लावलास तर सगळे आकडे बरोबर येतील. बंद असते त्या पाचदहा मिनिटांतच करंट कुठं अडतोय ते बघायला हवं. पण ते हायवेच्या कडेला, अंधारात, एकट्यानं करायचं नाही. अमेरिकेत तुझ्या एम्स गावाजवळून तो इंटरस्टेट ३५ हायवे जातो ना, तिथं ही गाडी तूर्त न्यायचीच नाही. चालत्या गाडीचं इंजिन मेलं की स्टिअरिंग जड होतं आणि पॉवर ब्रेक एकदोनदाच नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. म्हणून म्हणतो, गाडी घरीच बंद पाड. रविवारी दिवसाउजेडी, उघड्या अंगणात, एखादा मित्र सोबत घेऊन. हँडब्रेक लाव, चाकाखाली ओट लाव आणि इंजिन चालू ठेवून बस. शेडमध्ये दार लावून मुळीच नको. थंडी वाजते म्हणून दार ओढून घेशील आणि धुराचा वायू तुला कळणारसुद्धा नाही.

आमच्या जीपला आणि ॲम्बेसेडरला पॉइंट असायचे, कंडेन्सर असायचा. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपर मारायचा, गॅप लावायचा, गाडी चालू. तू सुट्टीत यायचास तेव्हा बॅटरी धरायला तुलाच उभा करायचो. उजेड इंजिनवर कमी आणि माझ्या डोळ्यांत जास्त. तुझ्या गाडीत पॉइंट शोधू नकोस. जनरल मोटर्सनं १९७५ च्या मॉडेलपासून ते काढून एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पद्धत आणली. इंजिनच्या मागच्या अंगाला, केबिनच्या पत्र्यालगत जाडजूड डिस्ट्रिब्युटर दिसेल, सगळा संसार त्यातच आहे. वर कॅपमध्ये कॉइल, खाली रोटर, त्याच्या खाली पिकअप कॉइल आणि बाजूला चार पिनांचं मॉड्यूल.

बंद पडली की आधी पेट्रोल बघ, कारण गरम झाल्यावर पेट्रोलची वाफ अडकली तरी गाडी असलंच सोंग करते. एअर क्लीनर काढून, इंजिन बंदच ठेवून, ॲक्सिलरेटरची दांडी हातानं ओढ. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलच्या धारा उडाल्या तर पेट्रोल आहे. पेट्रोल तुटलं की गाडी आधी आचके देते. स्पार्क गेला की चावी फिरवल्यागत गप्प होते. तुझी गाडी गप्प होते, म्हणून माझा संशय स्पार्कवरच आहे. एअर क्लीनर परत बसव आणि मगच स्पार्क बघ, उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी नको.

स्पार्क बघायला चिमट्याचा टेस्टर मिळतो, एचईआयसाठी म्हणून सांगून घे. तो इंजिनच्या लोखंडाला लाव, प्लगची एक वायर त्यात खोच आणि मित्राला सेल्फ मारायला सांग. वायर हातात धरायची नाही. आम्ही धरायचो ती गोष्ट वेगळी, तुझ्याकडं तीसपस्तीस हजार व्होल्ट आहेत. वायर नुसती लोंबकळत ठेवूनही सेल्फ मारू नकोस, त्यानं मॉड्यूल जाऊ शकतं. दोन वेगवेगळ्या वायरींवर बघ.

स्पार्क नाहीच, तर टेस्ट लॅम्प घे. कॅपवर 'बॅट' असं कोरलेलं टर्मिनल आहे, गुलाबी वायर येते तिथं. चावी ऑन असताना लॅम्प पेटायला हवा, आणि सेल्फ मारतानाही पेटलेलाच राहायला हवा. ही दुसरी गोष्ट लोक बघत नाहीत आणि चावीच्या स्विचचा दोष मॉड्यूलच्या माथी मारतात. करंट येतोय असं दिसलं, तर लॅम्पची चिमटी बॅटरीच्या प्लसला लावून टोक 'टॅक' टर्मिनलवर ठेव. सेल्फ मारताना लॅम्प लुकलुकला, तर मॉड्यूल आपलं काम करतंय. मग कॉइल, कॅप नाहीतर रोटर बघ. लुकलुकला नाही, तर मॉड्यूल किंवा पिकअप कॉइल. बघ, अर्धी यादी इथंच खोडली गेली आणि तुझा एक डॉलरसुद्धा गेला नाही. आधीच्या मालकानं 'टॅक'वर आरपीएमचा काटा जोडला असेल, तर ती वायर आधी काढ. ती कुठं बॉडीला लागली तरी स्पार्क मरतो.

रोटर काढून उलटा करून बघ. या जातीत मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं आणि स्पार्क प्लगकडं जायच्या ऐवजी खालच्या दांड्यात उतरतो. पिकअप कॉइलच्या दोन बारीक वायरी मॉड्यूलवरून सोडव आणि गरम असतानाच मीटर लाव: ५०० ते १५०० ओहमच्या मध्ये आकडा हवा, आणि कुठल्याही वायरीचा बॉडीशी संबंध दिसता कामा नये. मीटर लावलेला असतानाच व्हॅक्यूम ॲडव्हान्सची दांडी हलव. त्या प्लेटबरोबर त्या वायरी जन्मभर वाकत आल्यात, वरून धड दिसतात आणि आतून तुटलेल्या असतात. आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला. तिथंही काही नाही, तर मॉड्यूल सोडवून पार्टच्या दुकानात ने. बऱ्याच ठिकाणी तिकडं फुकट तपासून देतात म्हणे. एकदाच नको, लागोपाठ पाचसहा वेळा तपासायला लाव, म्हणजे ते तापेल. नवीन बसवताना खाली उष्णता ओढणारी पांढरी पेस्ट लावायला विसरलास, तर नवं मॉड्यूलही फार दिवस टिकायचं नाही.

प्लगच्या वायरी काढण्याआधी फोटो काढ. त्यांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. एक जरी चुकली तर कार्बोरेटरमधून असा बार निघेल की शेजारी पोलीस बोलावतील.

इकडं उसाचा हंगाम सुरू झालाय, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग. दुकानातली नवी पोरं स्कॅनर लावल्याशिवाय बॉनेटला हात लावत नाहीत. तुझ्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मामीनं फराळाचं पार्सल पाठवलंय. चकलीच्या डब्यात तळाशी कागदात गुंडाळून माझा जुना टेस्ट लॅम्प ठेवलाय, तो फेकून देऊ नकोस.

बर्फ पडायच्या आत हे उरकून घे. तोवर कॉलेजला बसनं जा, लाज कसली त्यात. आणि पार्ट मागवायच्या आधी तीन गोष्टी मला लिहून पाठव: 'बॅट'वर सेल्फ मारताना लॅम्प पेटला का, 'टॅक'वर लुकलुकला का, आणि पिकअप कॉइलचे ओहम गरम असताना किती. तुमच्याकडं रात्र असली तरी फोन कर, मी पहाटे पाचला उठलेलाच असतो.

तुझा,
मामा