आपखुषीचे कष्ट

डोंगरांतील व रानांतील अवघड वाटांवरून धांवत जाऊन, एक मोठा फेरा पुरा करून, पुन्हा निघाल्या ठिकाणीं यावयाचें, हा छंद अलीकडे आपल्या सुशिक्षित वर्गांत बराच पसरला आहे. सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणाऱ्या वाटेवर तर अशा धांवण्याच्या रीतसर शर्यती भरतात, आणि त्यांत भाग घेण्यासाठीं लोक फी भरतात. ज्याला कोठें पोहोंचावयाचें नाहीं त्यानें ऊर फुटेपर्यंत कां धांवावें, असें व्यवहारी मनुष्य विचारील. आपल्याकडे तरी हा प्रश्न नवा नाहीं. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं त्र्यंबकेश्वरास ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणारे भाविक चिखलांतून व दगडांवरून, पुष्कळसे अनवाणी, चालत जातात आणि जेथून निघाले तेथेंच परत येतात. त्यांना पुण्याची आशा असते; धांवणाऱ्याला बहुधा नसते. पण दोघांचेहि कष्ट आपण होऊन पत्करलेले असतात. मनांत आलें असतें तर दोघांनाहि घरीं राहतां आलें असतें.

आतां बीड जिल्ह्याकडे पाहूं. बालाघाटाच्या रांगा या जिल्ह्यांतून गेल्या आहेत. कपिलधार, सौताडा अशा ठिकाणीं कडे, धबधबे व झाडी आहे, आणि डोंगरांत धांवूं इच्छिणाऱ्याला तेथें वाटांची उणीव भासणार नाहीं. परंतु याच मुलखांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं लाखों माणसें बिऱ्हाड उचलून बाहेर पडतात. तेथें पायपीट हा छंद नव्हे. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवीं १९९४ सालीं जन्मलेले अविनाश साबळे लहानपणीं सहा किलोमीटरांवरील शाळेंत कधीं चालत, कधीं धांवत जात असत, कारण दुसरें साधन नव्हतें. पुढें ते सैन्यांत, महार रेजिमेंटमध्यें गेले, सियाचिनच्या बर्फांत राहिले, आणि मग तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत उतरले. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें, सुवर्णपदक ०.०५ सेकंदानें हुकलें. त्या स्पर्धेंत १९९४ नंतर या शर्यतीचें पदक केनियाबाहेर गेलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत ते सुवर्णपदकाचे मानकरी झाले.

या शर्यतीचा उगम मोठा मौजेचा आहे. अठराव्या शतकांत आयर्लंडमधील घोडेस्वार एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, आड येतील त्या भिंती व ओढे ओलांडीत दौडत. इंग्रजी नांवांत तो मनोरा अजून शिल्लक आहे. पुढें माणसें पायीं तसें धांवूं लागलीं, आणि अखेर सगळें रान मैदानांत आणून बसविण्यांत आलें. भिंतीच्या जागीं तीन फूट उंचीची लाकडी तुळई आली, ओढ्याच्या जागीं पाण्याचा खड्डा. धांवणाऱ्याला २८ वेळां ती तुळई आणि ७ वेळां तें पाणी ओलांडावें लागतें. म्हणजे खेडेगांवच्या मुलाला शाळेच्या वाटेवर जें चुकवितां येत नाहीं, तेंच येथें मुद्दाम रचून ठेवलेलें असतें.

अशा वेळीं आपण सहज म्हणून जातों, 'त्या वाटेनेंच त्यांना घडविलें.' हें वाक्य मला सहन होत नाहीं. तशाच वाटा तुडवून जीं मुलें थकलीं, ज्यांची शाळा सुटली, तीं या वाक्यांत कोठेंच नाहींत. समजा, त्या काळीं मांडव्याहून शाळेपर्यंत मोटार सुरू करणें आपल्या हातीं असतें, आणि ती सुरू केल्यास पुढें एक पदक जाईल हेंहि आपल्याला ठाऊक असतें. तर आपण काय केलें असतें? मीं मोटार सुरू केली असती, आणि पदकाबद्दल हळहळत बसलों असतों.

यावर स्टोइक पंथाचा कोणी म्हणेल कीं, लादलेले कष्टहि आपलेसे करून घेणें मनुष्याच्या हातीं असतें. ही शिकवण देणारा एपिक्टेटस जन्मानें गुलाम होता, म्हणून त्याच्या तोंडीं ती शोभते. तीच गुलामाला त्याच्या धन्यानें ऐकविली असती, तर तिच्याइतकें निर्लज्ज दुसरें कांहीं झालें नसतें. साबळे यांनीं बालपणच्या वाटेचे उपकार मानले, तर तो त्यांचा अधिकार आहे. तो आपला नव्हे.

म्हणून डोंगरांत धांवणाऱ्याला मी हंसणार नाहीं. कोणी हांकीत नसतां आपल्या शरीराची सीमा कोठें आहे हें पाहावयास जाणें, ही स्वातंत्र्याचीच एक तऱ्हा आहे, मग पायांत हजारों रुपयांचे बूट असले तरी असोत. फक्त त्यानें आपल्या घामाचें नातें ऊसतोड्याच्या घामाशीं जोडूं नये. त्या बिचाऱ्याला मधल्या वळणावरून घरीं परततां येत नाहीं.

आष्टीस पहिली आगगाडी आली ती २०२२ च्या सप्टेंबरांत, बर्मिंगहॅमच्या पदकानंतर सुमारें दीड महिन्यानें. राज्याच्या मागास तालुक्यांत शाळेंत जाणाऱ्या मुलींसाठीं मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एस्.टी. गाड्या सुरू झाल्या आहेत. अशा गाडींतून जाणारी एखादी मुलगी रविवारीं सकाळीं हौसेनें डोंगर चढून धांवूं लागेल, किंवा लागणारहि नाहीं. सोमवारीं मात्र ती न दमतां वर्गांत बसलेली असेल.